शेवटचा पाना उस्तादाच्याच हाती का?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघालेला रस्ता तीसेक किलोमीटरवर फुलंब्रीत येतो. गिरजा नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी कापूस, मका आणि अद्रक पिकवणारा शेतकरी हाच मुख्य गिऱ्हाईक. त्याच्या गरजेवर जी दुकाने उभी राहतात ती मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसतात तशीच आहेत. ट्रॅक्टरचे गॅरेज, पाण्याच्या मोटारी भरून देणारा, ट्रॉली आणि शटर बनवणारा वेल्डर, सुतार, शिंपी, बेकरी, किराणा. यांतल्या पुष्कळ दुकानांतून आपले कारागीर बंधू काम करतात आणि मालकही तेच असतात.

अशा दुकानात माणसे तीन किंवा चार. मालक, जो स्वतःच उस्ताद आहे. एखादा जुना कारागीर. एक-दोन पोरे. मालक दोन दिवस लग्नाला गेला तर शटर उघडे राहते, पण काम थांबते. गिऱ्हाईक येते, "उस्ताद कुठे गेले?" म्हणून विचारते आणि परत फिरते. पोरगा चार-पाच वर्षे दुकानात असतो. त्याला इंजिन खोलता येते, धुता येते, पाना कोणता द्यायचा ते न सांगता कळते. मात्र हेड बसवण्याची आणि टॅपेट लावण्याची वेळ आली की उस्ताद त्याला चहा आणायला पाठवतो. शिंप्याच्या दुकानात हेच कटिंगच्या बाबतीत घडते. काज-बटन, तुरपाई, शिवण सगळे पोराकडे. खडू आणि कैची मालकाकडे.

याला कारण आहे आणि ते कारण खोटे नाही. शिकवलेला माणूस उद्या दुकान फोडून समोरच बसेल, ही भीती प्रत्येक मालकाच्या मनात असते. पुष्कळांनी ते भोगलेही आहे. म्हणून शेवटचा पाना स्वतःच्या हाती ठेवणे हा धंद्याचा विमा आहे असे ते समजतात. या विम्याचा हप्ता किती पडतो याचा हिशेब मात्र फारसे कोणी मांडलेला दिसत नाही. तो आज मांडून पाहू.

हिशेबाची वही

आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा एका हंगामात ट्रॅक्टर गॅरेजकडे वीस इंजिनांचे काम येते. उस्ताद एकट्याच्या हाताने दहा पूर्ण करतो. उरलेली दहा शहरात जातात. अजिंठ्याच्या रस्त्याने शहर जवळच आहे आणि शेतकऱ्याला पेरणीची घाई असते, त्यामुळे तो वाट पाहत नाही. आता दुकानात हेड बसवणारा दुसरा हात तयार झाला आणि दहाची सोळा इंजिने झाली, असे धरू. मजुरी इंजिनामागे ४,००० रुपये धरली तर सहा इंजिनांचे २४,००० जास्तीचे आले. त्यातले १०,००० त्या माणसाला वाढवून दिले तरी १४,००० मालकाकडे राहतात. वर्षाला दोन हंगाम आणि माणूस तयार झाल्यावर तीन वर्षे टिकला, तर ८४,००० रुपये होतात. चौथ्या वर्षी तो समोर दुकान टाकून बसला तरी हे पैसे परत जात नाहीत.

शिवाय या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी आहेत. मालक आजारी पडला तर दुकान चालते. मालकाला सुट्या भागांची खरेदी करायला, उधारी वसूल करायला, नवीन काम पाहायला वेळ मिळतो. आज तो दिवसभर इंजिनाखाली असतो आणि रात्री वही लिहितो. गिऱ्हाइकाशी बोलायला त्याच्याकडे सवड नसते. आपले धंदे एका पिढीत चालतात आणि दुसऱ्या पिढीत बसतात, याच्या कारणांत भांडवलाची टंचाई आहेच. पण सगळा हुन्नर एकाच डोक्यात साठवून ठेवणे हेही एक मोठे कारण आहे, असे आमचे मत आहे.

हिमरूचे उदाहरण

याच जिल्ह्यातल्या एका हुन्नराची कहाणी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. औरंगाबादची हिमरू. सुती ताण्यावर रेशमाचे जादा धागे टाकून नक्षी उठवायची, मागच्या बाजूला ते रेशमी धागे मोकळे राहतात आणि त्यामुळे कापडाला ऊब येते. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा आलेल्या विणकरांबरोबर ही विद्या इथे पोहोचली, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे निजामाच्या राजवटीत शेरवानी, शाल आणि रजईसाठी तिला मोठा मान होता.

जुन्या हिमरूच्या मागावर दोन माणसे लागत. खाली विणकर आणि माथ्यावर एक मुलगा. नक्षीचा सगळा नकाशा दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेला असे. प्रत्येक ओळीला कोणते धागे उचलायचे ते त्या जाळ्यात ठरलेले, आणि वर बसलेला मुलगा ते दोरे ओढी. खालचा उस्ताद धोटा फेकी. असे वर्षानुवर्षे चाले. त्या मुलाकडे नीट पाहिले तर आपल्या गॅरेजमधला पोरगा आठवतो. तो नक्षीच्या इतक्या जवळ बसलेला असे की प्रत्येक धागा त्याच्या बोटांतून जाई, पण जाळे बांधायची विद्या वेगळ्या माणसाकडे आणि विणायची उस्तादाकडे. ज्याला मुद्दाम खाली उतरवून मागावर बसवले, जाळ्याचा हिशेब समजावला, तो विणकर झाला. ज्याला नुसतेच दोरे ओढायला ठेवले, तो दोरेच ओढत राहिला. पुढे जॅकार्डचे यंत्र आले. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरी जोसेफ मारी जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवण्याची ही युक्ती पक्की केली होती. ते मागावर चढले तेव्हा वरच्या मुलाची गरजच संपली.

आज हातमागावर हिमरू विणणारी घरे शहरात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. याचा सगळा दोष न शिकवणाऱ्या उस्तादांवर टाकणे अन्यायाचे होईल. १९४८ नंतर दरबारी गिऱ्हाईक गेले. यंत्रमागाची नक्कल थोड्या पैशांत मिळू लागली. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग पुष्कळ कारखाने आले आणि विणकराच्या मुलाला दरमहा ठरलेला पगार दिसला. मागावर बसून तेवढे सुटत नव्हते. शिकवायला उस्ताद तयार असला तरी शिकणारा उरला नाही, अशीही घरे होती.

आता येवल्याकडे पाहा. पैठणी पैठणची, पण तिचे माग मोठ्या प्रमाणावर चालतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. तिथेही हा हुन्नर मूळचा ठराविक विणकर समाजांकडे होता. पुढे तो त्यांच्याबाहेर गेला. इतर समाजांतली मुले मागावर बसली, शिकली, आपले माग टाकले, आसपासच्या खेड्यांत माग गेले. साडीला लग्नाचे गिऱ्हाईक आहे हा येवल्याचा मोठा फायदा, तो हिमरूला नव्हता. हे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. मागणी वाढली त्या वर्षी येवल्याकडे हात तयार होते. शिकून बाहेर पडलेल्या माणसाने समोर माग टाकला म्हणून जुन्या मालकाचे गिऱ्हाईक तुटले नाही. उलट व्यापारी साडी घ्यायला येवल्यालाच यायचे हे पक्के झाले. आपल्याकडे एका गल्लीत चार गॅरेजे झाली की मालक कपाळाला हात लावतो. पण ज्या गल्लीत चार गॅरेजे असतात तिथेच सुट्या भागांचे दुकान येते, लेथवाला येतो, आणि दूरच्या खेड्यातला शेतकरी शहराऐवजी त्या गल्लीत येतो.

शिकवायचे म्हणजे काय करायचे?

इथे पुष्कळ मालक म्हणतील, आम्ही लपवत काहीच नाही, पोरगा बघत असतो, त्याला शिकायचे असेल तर शिकेल. आमचे उस्तादही असेच शिकले, मार खाऊन शिकले. हे खरे आहे. मात्र त्या पद्धतीत दहा वर्षे जात आणि दहातले दोन टिकत. आजचा मुलगा दहा वर्षे थांबत नाही. वाळूज, शेंद्रा, बिडकीन त्याला जवळ आहेत. ठेकेदारामार्फत का होईना, पहिल्या महिन्यापासून त्याला पगार मिळतो. दोन वर्षांत हाताला काही लागले नाही तर तो जातो, आणि जे जातात त्यांत हुशार मुले आधी असतात.

शिकवण्याची एक साधी रीत आहे आणि ती कारखान्यांतून चांगली तपासून निघालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत नवे कामगार लाखांनी कारखान्यांत आले, त्यांना शिकवायला जुने कारागीर पुरेनात. तेव्हा १९४० साली तिथल्या सरकारने मुकादमांना शिकवायला शिकवण्याचा एक कार्यक्रम काढला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एवढाच तो अभ्यास. १९४५ पर्यंत सुमारे साडेसतरा लाख लोकांना त्याचे प्रमाणपत्र मिळाले. युद्धानंतर हीच रीत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती आपलीशी केली. तिचा पाया असा की शिकणाऱ्याला जमले नाही तर आधी शिकवणाऱ्याने आपली तपासणी करावी.

त्या वर्गात बिजलीच्या होल्डरमध्ये मारायची गाठ शिकवत. आपल्या इलेक्ट्रिशियन बंधूंना ती ठाऊक आहे. वायरीला गाठ मारली की दिव्याचे ओझे गाठीवर येते, स्क्रूवर येत नाही आणि तार निसटत नाही. शिकवणारा एका माणसाला पुढे बोलावून गाठ कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगे. त्याला जमत नसे. दुसऱ्याला न बोलता फक्त मारून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला चार पायऱ्यांनी शिकवले जाई आणि तो गाठ मारी. आपल्या दुकानांत पहिल्या दोनच रीती चालतात. एक तर "अरे, असे कर, तसे कर" म्हणून ओरडायचे, नाही तर "बघ" म्हणून भराभर करून मोकळे व्हायचे.

चार पायऱ्या ट्रॅक्टरच्या हेडवर लावून पाहू. पहिली पायरी म्हणजे मुलाला निवांत करणे. त्याला काय येते ते विचारायचे आणि आपल्या शेजारी, आपण उभे आहोत त्याच बाजूला उभे करायचे. समोर उभा केला तर त्याला सगळे उलटे दिसते. डावे ते उजवे होते. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेले असताना शिकवायला घेऊ नये.

दुसरी पायरी सावकाश करून दाखवण्याची, आणि प्रत्येक टप्प्याला कारण सांगण्याची. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आडवेतिडवे आवळायचे. एकदम पूर्ण न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटची फेरी टॉर्क पान्याने, कंपनीने त्या इंजिनाला दिलेल्या मापाला. का? गॅस्केट सगळीकडे सारखी दाबली गेली पाहिजे म्हणून. एका कडेने आधी आवळले तर दुसरी कड उचललेली राहते, हेड वाकू शकते, पाणी तेलात उतरते आणि गॅस्केट उडते. टॅपेटची फट फिलर गेजने बघायची. फट कमी राहिली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. जास्त राहिली तर खडखडते आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. हे कारण ज्याला कळले तो वेगळ्या कंपनीचे इंजिन आले तरी अडत नाही, माप विचारून घेतो. ज्याला फक्त "इतके आवळ" सांगितले तो नव्या इंजिनापुढे उभा राहून उस्तादाची वाट बघतो.

तिसऱ्या पायरीवर पाना त्याच्या हाती द्यायचा. आधी त्याने करायचे आणि चूक झाली तर तिथल्या तिथे थांबवायचे. मग पुन्हा करताना त्याने तोंडाने सांगायचे की मी आता काय करतो आहे आणि का. आपल्या मते सगळ्यांत मोलाची पायरी हीच आहे, आणि आपल्या दुकानांत सर्वांत जास्त गाळली जाते ती हीच. मुलाने मान हलवली म्हणजे त्याला कळले असे उस्ताद धरून चालतो. मान हलवणे हे पुष्कळदा भीतीचे लक्षण असते. त्याच्या तोंडून कारण निघाले की कळले समजावे.

चौथी पायरी म्हणजे त्याला एकटा सोडणे, अडला तर कुणाला विचारायचे ते सांगून. सुरुवातीला वरचेवर जाऊन बघायचे, मग कमी. शिंप्याच्या दुकानात यासाठी जुनी सोपी सोय आहे. नव्या मुलाला आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापू देतात. कागद फुकट गेला तर कोणाचे काही जात नाही. नंतर अस्तर, नंतर घरातल्या मुलांचे कपडे, आणि मग गिऱ्हाइकाचे कापड. वेल्डरने भंगारातल्या पट्ट्या जोडायला द्याव्यात आणि जोड कापून किंवा तोडून आतून पोकळ राहिला का ते मुलालाच बघू द्यावे.

हे सारे करण्याआधी मालकाला एक काम करावे लागते. आपले काम कोणत्या टप्प्यांनी होते आणि प्रत्येक टप्प्यात कुठे चूक होते, हे कागदावर लिहून काढायचे. वीस वर्षे हाताने केलेले काम लिहायला बसले की पहिल्यांदा जड जाते. हाताला येते ते तोंडाला येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून सांगावे आणि लिहून घ्यावे. एका कामाला एक पान पुरते.

पूर्ण काम एकाकडे

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली एक प्रयोग झाला होता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले होते. २२४ स्वयंचलित मागांच्या खात्यात बारा प्रकारची कामे वेगवेगळ्या माणसांकडे वाटलेली होती. एक विणणार, एक तुटलेला धागा जोडणार, एक तेल घालणार. माग थांबला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. राइस यांच्या सूचनेवरून छोटे गट केले आणि ठराविक मागांची सगळी जबाबदारी एका गटाला दिली. गट कामगारांनी आपापसांत स्वतः जमवले. कापड वाढले आणि खराब कापड कमी झाले.

तीन माणसांच्या गॅरेजात याचा अर्थ इतकाच की बोल्ट खोलणारा वेगळा आणि बसवणारा वेगळा ठेवू नये. एक इंजिन जुना कारागीर आणि एक मुलगा यांच्याकडे सुरुवातीपासून चालू करून देईपर्यंत सोपवावे. गिऱ्हाइकाशी त्यांनीच बोलावे, काय बदलले ते त्यांनीच सांगावे. आठ दिवसांनी इंजिन परत आले तर त्यांनीच उघडावे. आपण बसवलेल्या हेडमधून पाणी का गळले, हे स्वतः पाहिलेला मुलगा पुढच्या वेळी बोल्टची फेरी चुकवत नाही.

नुकसान कोणाच्या खाती, हा प्रश्न लगेच येतो. ते आधीच ठरवून सांगावे. शिकताना झालेले नुकसान दुकानाचे, हा नियम चांगला. शिकून झाल्यावर निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीचे बोलणे वेगळे. चारचौघांत, विशेषतः गिऱ्हाइकासमोर, शिव्या देऊन काही साधत नाही. मुलगा चूक लपवायला शिकतो, आणि लपवलेली चूक शेतात भर पेरणीत बाहेर पडते.

शिकवणाऱ्याला काय मिळते?

जुना कारागीर मुलाला का शिकवत नाही, याचे उत्तर पुष्कळदा मजुरीच्या पद्धतीत असते. त्याला नगावर पैसे मिळतात. मुलाला समजावण्यात तास गेला तर त्याचा एक शर्ट कमी होतो, आणि शिवाय आपल्याच जागी स्वस्त माणूस तयार होतो. अशा स्थितीत त्याने शिकवावे ही अपेक्षा धरणे चुकीचे आहे. शिकवण्याच्या तासांची वेगळी मजुरी धरावी, किंवा मुलाच्या हातून पहिले वर्षभर जे नग निघतील त्यांवर उस्तादाला नगामागे थोडे द्यावे. काही मालकांना हा फुकटचा खर्च वाटेल. वर मांडलेला हिशेब त्यांनी पुन्हा वाचावा.

मुलालाही पायऱ्या दिसल्या पाहिजेत. टॅपेट स्वतः लावता आली की पगार इतका, पूर्ण इंजिन बांधता आले की इतका, हे तोंडी असले तरी पक्के असावे. आपल्याकडे माणूस टिकवायला उचल देण्याची चाल आहे. दहा-वीस हजारांची उचल दिली की तो फिटेपर्यंत जाणार नाही, असा हिशेब. अडीनडीला दिलेली उचल ही माणुसकी आहे. पण उचलीच्या जोरावर कोणाला कामावर अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते वाईटच. अडकलेला माणूस शिकत नाही, दिवस मोजतो.

वयाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. "पोरगा आठ-दहा वर्षांचा असतानाच हात वळतो" असे जुने लोक म्हणत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे. स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावण्याची सवलत आहे, तीही धोक्याच्या कामात नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शाळा पुरी केलेला मुलगा कागदावरचे माप वाचतो, कंपनीचे पुस्तक वाचतो, आणि आजच्या इंजिनाला ते लागतेच.

सरकारी सोयींपैकी दोन-तीन कामाच्या आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, गवंडी, शिंपी, न्हावी, मोची, टोपल्या-झाडू बनवणारे त्यांत येतात. गॅरेज मिस्त्री येत नाही. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप ठरलेले आहे. नोंदणी आधार कार्डावर कॉमन सर्व्हिस सेंटरमधून होते आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. चार किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानाला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली शिकाऊ घेता येतो. ३० पर्यंत माणसे नसतील तर ते ऐच्छिक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत त्याच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार देते. ज्याला काम येते पण कागद नाही अशा कारागिराला पूर्वज्ञानाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय २०१५ पासूनच्या कौशल विकास योजनेत करण्यात आली. मालकांना याची भीती वाटते, कागद मिळाला की माणूस गेला. तसे थोडे होईलही.

मालकाचा मुलगा

एक नाजूक गोष्ट सांगून टाकतो. मालकाचा मुलगा बारावी करून दुकानात येतो आणि पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसतो. वीस वर्षांचा जुना कारागीर, ज्याला तो लहानपणापासून चाचा म्हणत आला, त्याला तो आता हुकूम सोडतो. कारागीर तोंडावर काही बोलत नाही, पण ते दुकान त्याच्या मनातून उतरते. ज्या मुलाला उद्या दुकान चालवायचे आहे त्याने पहिली दोन वर्षे चाचांच्या हाताखाली काढावीत, त्यांच्याकडूनच हेड बसवायला शिकावे आणि कामाच्या बाबतीत त्यांचा शब्द मानावा. बापाने हे मुलाला सर्वांसमोर सांगावे. त्याचा दुहेरी फायदा आहे. मुलाला काम येते, आणि कारागिराला आपली किंमत कळते. जो मालक काम स्वतः करू शकत नाही त्याला माणसांना शिकवताही येत नाही. दोघांनाही हे ठाऊक असते.

आता वेळेचा प्रश्न. हंगामात शिकवायला सवड नसते हे खरेच. एप्रिल ते जून गॅरेजला मान वर करायला वेळ नाही. शिंप्याला रमजान, दिवाळी आणि लग्नसराईत तसेच. पण पेरण्या उरकल्या की जुलै-ऑगस्टमध्ये फुलंब्रीसारख्या बाजारात दुपारी गॅरेजवाले ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेले असतात. भंगारात जुने इंजिन विकत मिळते. ते आणून मुलाला द्यावे, आठवड्यातून दोन दुपारी. त्याने पूर्ण उघडावे, भागांची नावे सांगावीत, मोजमाप घ्यावे, पुन्हा बांधावे, पुन्हा उघडावे. चाचांनी शेजारी स्टूल टाकून बसावे आणि हात मात्र लावू नये. दिवाळीच्या आगेमागे रब्बीच्या नांगरटीला जे पहिले इंजिन दुकानात येईल, ते वहीत त्या मुलाच्या नावावर लिहावे.